आधी सावली, मग सोलर

घर पायापासून वर चढत जातं आणि हातातला पैसा त्याच गतीनं आटत जातो. पायात काळा पाषाण लागला म्हणून जास्तीचे गेले, सळईचा भाव मधेच चढला, फरशी बघायला गेलो तर दुकानदारानं आपल्या बजेटच्या एक रांग पुढची काढून दाखवली. गच्चीपर्यंत पोचेस्तोवर कर्जाचा शेवटचा हप्ता उचलून झालेला असतो. मग ठेकेदार म्हणतो, ‘गच्चीचं काय एवढं, कोबा मारून देतो की.’ आपणही मान डोलावतो, कारण गच्ची पाहुण्यांना दिसत नाही.

सूर्याला दिसते. सोलापुरात तर सकाळी आठपासून दिसते.

कमी वीज खाणारं घर बांधायचंय म्हणून लोक सल्ला विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न सोलरचा असतो: किती किलोवॉटचं बसवू? मी त्यांना आधी गच्चीवर नेते, मग पश्चिमेच्या भिंतीपाशी, आणि सोलरचं बोलणं चहापर्यंत लांबवते. तोपर्यंत निम्म्यांचा उत्साह ओसरलेला असतो. उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

आमची जागा शहराच्या कडेची, तीस बाय पन्नास. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, २०१६ साली, पाया खणला आणि सव्वा वर्षानं राहायला आलो. स्वतः बांधलं म्हणजे थापी काही आम्ही धरली नाही. आराखडा आणि परवानगी इंजिनिअरची, काम रोजंदारीवरच्या मिस्त्रीचं, सामान आणायचं आमच्या ह्यांनी आणि वहीत लिहायचं मी. लोखंड किती आणि कुठे, यात आम्ही डोकं घातलं नाही. तुम्हीही घालू नका. बाकी सगळ्यात घातलं. पहिल्याच पानावर तीन ओळी लिहिल्या होत्या: गच्चीचे पैसे, पश्चिमेच्या भिंतीचे पैसे, खिडक्यांचे पैसे. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि फरशी, ग्रॅनाइट, दर्शनी दरवाजा यांना त्या खात्यातून एक पैसा द्यायचा नाही असं ठरवलं. हॉलमध्ये इटालियन दिसणारी फरशी आली नाही, शहाबादी आली. सोलापुरात शहाबादी काही लांबून आणावी लागत नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यावर आडवं पडण्याचं सुख वेगळंच.

गच्चीवर एवढा जोर का, ते आकड्यात बघा. हजार चौरस फुटांचा उघडा स्लॅब म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. साध्या आरसीसी स्लॅबची ती तीनच्या आसपास असते. मे महिन्यातल्या दुपारी करडा स्लॅब साठ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि खोलीत बत्तीस धरू. फरक अठ्ठावीस. गुणाकार केला की जवळपास ७८०० वॉट येतात. म्हणजे दोन-दोन हजार वॉटच्या चार शेगड्या छताला उलट्या टांगून पेटवल्यासारखं. या शेगड्या सूर्य मावळला म्हणून लगेच विझत नाहीत. काँक्रीट उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, त्यामुळे रात्री नऊ वाजता बाहेर वाऱ्याची झुळूक असते आणि आत पंख्याखाली घाम. आम्ही आधी ज्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो, तिथे माळ्यावरून काही काढायला स्टुलावर चढलं की डोक्याला धग लागायची, झाकण उघडलेल्या इडलीपात्रासारखी. त्या घरात दीड टनाचा एसी रात्रभर चालायचा. तो आम्हाला गार करत नव्हता, स्लॅबला गार करत होता.

नव्या घरात स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंगचा थर दिला, त्यावर एकमेकांत खाच बसणारे दोन इंची एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे बोर्ड, त्यावर उतार काढून कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्सच्या फुटक्या तुकड्यांचा चायना मोझॅक. बोर्डांची गाडी आली तेव्हा मिस्त्री हसले. ‘बाई, हे थर्माकोल. ह्याच्यावर कोबा कुठं टिकतंय?’ मग मी एक बोर्ड जमिनीवर टाकला आणि त्यांनाच त्यावर उभं केलं. पॅकिंगमधल्या थर्माकोलसारखा तो दबत नाही. दोन इंचांच्या थरानं यू-व्हॅल्यू अर्ध्यावर येते, म्हणजे तीनच्या अर्ध्यावर नव्हे, ०.५ वर. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोनं निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतासाठी जास्तीत जास्त १.२ ची मर्यादा आहे. कोणा ठेकेदाराला समजावणं जड जात असेल तर हा आकडा पुढे करा. कागदावरचा आकडा दाखवला की माणसं थोडी नरमतात.

बोर्ड स्लॅबच्या वरच हवेत, खाली नाही. बरेच जण घर तापायला लागल्यावर खालून पीओपीचं सिलिंग करून घेतात. त्यानं खोलीची उंची जाते, स्लॅब मात्र तसाच भाजत राहतो आणि भेगाळतो. वरून झाकला की तो सावलीत राहतो आणि रात्रीचा गारवा धरून ठेवतो.

घर आधीच बांधलेलं असेल तर निराश होऊ नका, चुना आहे. गच्ची झाडून-धुऊन, चुन्यात थोडं फेविकॉल कालवून दोन हात मारायचे. एका पावसाळ्यात तो निम्मा जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. पण खर्च इतका कमी आहे की तक्रार करायला तोंड राहत नाही. अहमदाबादनं २०१३ साली उन्हाच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं चुन्यानं पांढरी करण्याची मोहीम निघाली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडे अजून पांढरी गच्ची म्हटलं की लोक विचारतात, ‘डोळ्यावर येत नाही का?’ येते. दुपारी बारा वाजता गच्चीवर जायचं कारण नाही.

माझ्या सासूबाई बार्शीकडच्या, माळवदाच्या घरात वाढलेल्या. आमच्याकडे कोणी ‘जुनी घरं कशी गार असायची’ असं सुरू केलं की त्या कपाळाला आठी घालायच्या. ‘गार होतं, खरंय. पण दर पावसाळ्याआधी पांढरी माती वर चढवून कुणाची कंबर मोडली?’ मला त्यांचं पटतं. हातभर मातीचा थर उष्णता अडवतो, हे माळवदानं शेकडो वर्षं दाखवलं. तेच काम दोन इंचांत होत असेल तर माती चढवायला जाऊ नये. मात्र त्यांच्याकडून एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी उचलली, ती पुढे सांगते.

भिंतींकडे येऊ. चारही भिंतींवर सारखा खर्च करणं म्हणजे चारही मुलांना एकाच मापाचे कपडे शिवणं. उत्तरेच्या भिंतीला ऊन जवळजवळ नाही. दक्षिणेचा सूर्य डोक्यावर उंच असतो, त्याला छज्जा पुरतो. सोलापूरच्या अक्षांशावर मार्चअखेर दुपारी दोन फुटी छज्ज्याची सावली आठेक फूट खाली येते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि खालून ऊन आत येतं, जे तेव्हा हवंच असतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेची काळजी मिटली.

खरा छळ पश्चिमेचा. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली असतो की दोन फुटी छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. छज्जा चार फुटी केला तरी उपयोग नाही. ऊन त्याच्या खालून सरळ आत येऊन पलंगावर बसतं. म्हणून पश्चिमेला राहत्या खोल्याच नकोत. आमच्याकडे त्या बाजूला जिना, बाथरूम आणि कोठीची खोली आहे. ही तिन्ही तापली तर तापोत. एक झोपायची खोली नाइलाजानं पश्चिमेला टेकली, तिथे भिंतीच्या आतून पूर्ण लांबीचं कपाट केलं. कपड्यांनी भरलेलं कपाट हा फार चांगला अडसर आहे, फक्त मे महिन्यात रेशमी साड्या दुसरीकडे हलवायच्या.

पश्चिमेची भिंत आम्ही पोकळ बांधली. लॉरी बेकर यांनी केरळात ज्या पद्धतीनं असंख्य घरं उभी केली, ती ही: वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. मिस्त्रींनी चित्र बघितलं आणि म्हणाले, ‘भिंत पोकळ ठिवली तर उंदरं ऱ्हातील की आत!’ या बांधणीचं इंग्रजी नावच रॅट-ट्रॅप, उंदराचा सापळा, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिले दोन दिवस भिंत वाकडी गेली, दोनदा पाडली. तिसऱ्या दिवशी हात बसला. तुमच्या गावात या कामाचा हात असलेला गवंडी नसेल तर ते दोन दिवस इस्टिमेटमध्ये धरा, आणि पहिला प्रयोग कंपाउंडच्या भिंतीवर करा. वायरिंगचे पाइप कुठून जाणार हे आधी ठरवावं लागतं, कारण नंतर छिन्नी घेऊन झिरी मारली की सरळ पोकळीत भोक पडतं.

बाकीच्या भिंती राखेच्या विटांच्या, साध्या नऊ इंची. एएसी ब्लॉक घ्यावेत का, असं पुष्कळ जण विचारतात. उष्णता अडवण्यात ते भाजक्या विटेपेक्षा कितीतरी पुढे आहेत, हलके आहेत, काम झपाट्यानं होतं. पण गवंडी नवखा असेल आणि नेहमीचा जाड, ओलाकच्च गिलावा त्यावर थापला तर वर्षात जाळीसारख्या भेगा पडतात. माझ्या बहिणीच्या घरी पडल्या. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारून घ्यायची, गिलावा पातळ ठेवायचा, आणि जड कपाट टांगायचं असेल तिथे आधीच ठरवून विटा घालायच्या. एवढं करायची तयारी असेल तर जरूर घ्या.

आता पेच असा की आमच्याकडे ऊन पश्चिमेचं आणि वाराही पश्चिमेचा. पश्चिम पूर्ण बंद केली तर घर गार, पण गुदमरलेलं. शेवटी जिन्याच्या भिंतीत सिमेंटच्या जाळ्या बसवल्या. वारा जाळीतून जिन्यात येतो आणि आतल्या दारातून घरात शिरतो. ऊन जिन्यातच अडतं. पूर्वेला स्वयंपाकघर, त्यामुळे फोडणीचा धूर वाऱ्याबरोबर बाहेर निघून जातो. ते आग्नेयेला आलं म्हणून वास्तुवाले नातेवाईकही खूश झाले. एका दगडात दोन पक्षी असे फार क्वचित मिळतात.

खिडक्यांत आम्ही चूक करणारच होतो. सगळीकडे सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसतात, स्वस्त पडतात, झाडायला सोप्या. पण चार फुटी सरकत्या खिडकीतून हवा येते ती दोनच फुटांची. दुसरा अर्धा भाग कायम काचेमागे. वाऱ्यासाठी पैसे मोजून अर्धी खिडकी विकत घ्यायची आणि अर्धी भिंत. शिवाय दुपारी बंद केल्यावरही फटींतून धूळ आणि झळ आत येते. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते आणि घट्ट बंद होते. झोपायच्या खोल्यांत आणि हॉलमध्ये तशाच घेतल्या, आतून डासांची जाळी. जाळीनं वारा थोडा कमी होतो, म्हणून खिडकी हात राखून मोठीच ठेवावी.

सासूबाईंकडून उचललेली गोष्ट ही: सकाळी साडेआठला सगळं बंद, रात्री आठ-नऊला सगळं उघडं. त्या त्यांच्या घरी दहाच्या आत दारं ओढून घ्यायच्या, कोणी आलं तरच दिंडी उघडायची. सोलापुरात मे महिन्यात दुपारी एकेचाळीस-बेचाळीस असतं आणि पहाटे पंचवीस-सव्वीस. हा पंधरा-सोळा अंशांचा फरक म्हणजे फुकटचा एसी. रात्रभर वाऱ्यानं भिंती आणि शहाबादी गार करून घ्यायची आणि सकाळी झाकण लावायचं. बाहेर एकेचाळीस असताना दुपारी तीन वाजता आमच्या हॉलमधला साधा भिंतीवरचा तापमापक तेहतीस दाखवतो. वर पंखा असला की काम चालतं. मात्र हे घर चालवावं लागतं. एखाद्या दिवशी सकाळी लग्नाला गेलो आणि खिडक्या उघड्या राहिल्या, तर त्याची किंमत दोन दिवस मोजावी लागते. पाहुणे आले की ‘दिवसा दारं लावून काय बसलात, हवा येऊ द्या’ म्हणत खिडकी उघडतात. तेव्हा वाईटपणा घ्यायचा. मी शिक्षिका होते, मला जमतं.

हे वाचून कोकणातल्या कोणी असं घर बांधू नये. रत्नागिरीला किंवा गोव्यात रात्री पारा फारसा उतरत नाही आणि हवेत दमटपणा. तिथे दारं लावून बसलात तर बुरशी येईल. तिथलं उत्तर उतरतं छप्पर, मोठी पडवी, आरपार वारा आणि दिवसरात्र उघड्या खिडक्या. कोकणात आपल्या पूर्वजांनी जांभ्याच्या भिंतींवर कौलं घातली आणि इकडे माळवद, ते काही हौस म्हणून नव्हे.

हेच कूलरचं. कोरड्या हवेत पाण्यावर चालणारा कूलर दीडदोनशे वॉटमध्ये जे करतो, ते एसीला हजार-बाराशे लागतात. पण तो खिडकीत बसवून समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवावं लागतं. खोली बंद केली की अर्ध्या तासात अंग चिकचिकतं आणि मग लोक कूलरला नावं ठेवतात. आमच्याकडे एसीही आहे, एकाच खोलीत. घरात एक खोली तरी अशी असावी की उन्हाच्या लाटेत म्हाताऱ्या माणसाला तिथे नेता येईल. ती लहान, उत्तरेची आणि फटी बुजवलेली असावी. एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवून मंद पंखा लावला की पुरतो.

आता पंखे, कारण यात सर्वांत सोपी बचत आहे आणि ती कोणी करत नाही. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा तीसच्या आत-बाहेर. पाच पंखे रोज पंधरा तास धरले तर दिवसाला तीन युनिटच्या वर वाचतात, महिन्याला शंभर. वीजबिलात पहिल्या शंभर युनिटचा दर वेगळा, पुढच्या दोनशेचा वेगळा, त्यापुढचा आणखी चढा. त्यामुळे वाचणारे शंभर युनिट नेहमी सगळ्यात महागातले असतात. लोड-शेडिंगमध्ये इन्व्हर्टरही दुप्पट टिकतो. एकच त्रास, रिमोट हरवतो. आम्ही तो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला आहे.

पाणी तापवण्यात आमची फजिती झाली. गच्चीवर दीडशे लिटरचा सौर बंब बसवला, दक्षिणेला तोंड करून, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. न्हाणीघर मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि प्लंबरनं ‘प्रेशर चांगलं येईल’ म्हणून इंची पाइप घातला. पन्नास फूट इंची पाइपात साडेसात लिटर पाणी मावतं. म्हणजे सकाळी पहिल्या माणसानं नळ सोडला की आधी साडेसात लिटर गार पाणी वाहतं आणि त्याची अंघोळ झाली की तेवढंच तापलेलं पाणी पाइपात निवत बसतं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे परवडत नाही. सहा महिन्यांनी टाइल फोडून अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, वर गुंडाळी केली. शहाण्यानं आधीच न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि बंब एका ओळीत वर-खाली ठेवावेत. बोअरचं पाणी जड असेल तर बंबाच्या नळ्यांत क्षार धरतो, म्हणून आम्ही त्याला टाकीतलं नळाचंच पाणी जोडलं.

या बंबाची दुसरी कथा मीटरनं सांगितली. दर रविवारी मीटरचं रीडिंग वहीत लिहायची मला सवय आहे. शाळेत हजेरी मांडायची तशी. २०१९ च्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस पंढरपूरला गेलो. जाताना रीडिंग घेतलं, आल्यावर घेतलं, तर नऊ युनिट. घरात फक्त फ्रिज चालू होता, आणि फ्रिज दोन दिवसांत नऊ युनिट खात नाही. एकेक स्विच बंद करत गेलो तेव्हा कळलं की ऑगस्टच्या झडीत ढगाळ हवेला म्हणून बंबातली विजेची कॉइल चालू केली होती, ती तशीच राहिली होती. रात्री पाणी निवलं की कॉइल गुपचूप तापवायची, आणि सकाळी आम्ही सूर्याचे आभार मानायचो. आता त्या स्विचवर लाल टेप आहे आणि शेजारी दिवा. तुम्हीही एकदा करून बघा: रात्री झोपताना सगळं बंद करून रीडिंग, सकाळी उठल्याबरोबर रीडिंग. जे निघेल ते सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर, राउटर आणि विसरलेल्या वस्तूंचं भाडं.

सोलर आम्ही राहायला आल्यावर लगेच घेतलं नाही. सात वर्षांच्या वह्या हातात असताना, २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हा घेतलं. तोपर्यंत आमची गरज महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट आणि मे महिन्यात सव्वादोनशे, हे माहीत झालं होतं. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे सरासरीनं दिवसाला चार युनिट निघतात. म्हणून दोन किलोवॉट पुरले, साठ हजारांचं अनुदान मिळालं. विक्रेता तीनचा आग्रह करत होता, कारण अनुदान तीनला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत जातं. पण जास्तीचे युनिट वर्षाअखेर हिशोबात उरले तर त्यांना मिळणारा भाव आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. आधी घर गार केलं नसतं तर चार किलोवॉटही कमी पडले असते, आणि तेवढी जागाच गच्चीवर नाही.

सोलर घेतलं की वीज गेल्यावरही घर उजळेल, असा गैरसमज सगळीकडे आहे. नेट मीटरवरचं, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. बॅकअप हवा असेल तर बॅटरीचं वेगळं गणित मांडावं लागतं. आम्ही जुना इन्व्हर्टरच ठेवला. बिलही शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

पॅनेलचे पाय कुठे बसणार, हे कोबा टाकायच्या आधी ठरवून तिथे काँक्रीटचे ओटे आणि वायरचे पाइप सोडून ठेवा. सोलर दहा वर्षांनी घेणार असाल तरी सोडा. आमच्या शेजाऱ्यांनी नंतर भोकं पाडली आणि पहिल्याच पावसात देवघरात गळलं. पाण्याची टाकी उत्तरेला ठेवा. आमची टाकी नैर्ऋत्येला आहे, सगळ्यांची असते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुपारनंतर तिची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर येते आणि त्या कोपऱ्यापायी त्याच्यासोबत जोडलेल्या सगळ्यांचं उत्पादन पडतं. मग ह्यांनी ती रांग चार फूट पूर्वेला सरकवली. त्यात माझी वाळवणाची जागा गेली, आणि त्यावरून घरात झालेलं भांडण कुठल्याही मार्गदर्शनात बसणार नाही. तडजोड म्हणून आग्नेयेचा आठ बाय आठचा तुकडा कुरडया-सांडग्यांसाठी कायम मोकळा आहे. पांढऱ्या मोझॅकवर साडी अंथरून घातलेल्या कुरडया दीड दिवसात कडकडीत वाळतात.

पॅनेल पंधरा दिवसांनी धुवायचे, सूर्य वर यायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, तडकू शकते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, तेव्हा शेवटचा हात साध्या पाण्याचा आणि मऊ फडक्याचा. त्याच वेळी मोझॅकही खराट्यानं घासून घ्यायचा, कारण धुळीनं करडी झालेली गच्ची पांढरी राहत नाही. सांध्यांतलं पांढरं सिमेंट निघालं असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आधी भरून घ्या. मिस्त्री त्यानंतर पावसाळ्याआधीच्या कामांत अडकतात आणि दिवाळीशिवाय सापडत नाहीत.